सोळा नंबरवरचा अर्धा आवाज

बस, पोरी. ती खुर्ची जरा डुगडुगते, पण पडणार नाहीस. मी अंगठा तोंडात घालून बोलतोय त्याचं हसू नको. सोल्डर करायची कांडी निसटली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. लोणी लावलंय, होईल बरा.

तर गाडीत बसवायला चांगला साइडबँड रेडिओ सेट कोणता, असं तू विचारलंस. हल्ली कुणी विचारत नाही. येतात ते छोट्या यूएचएफच्या डब्या मागतात, नाहीतर उपग्रहाचा फोन. आणि तू आल्या आल्या बोट दाखवलंस ते नेमकं त्या खिडकीतल्या वरच्या फळीवरच्या सेटकडे. तो विकायचा नाही. का नाही ते सांगतो, तेवढ्यात तुझ्या कुत्र्यालाही सावलीत दोन घोट पाणी पिऊ दे. बाहेर पिंपाजवळ पत्र्याचा डबा भरून ठेवलाय. सव्वाअकरा झालेत. तुला उत्तरेला निघायची घाई आहे, हे दिसतंय मला. पण मोटारीचा सेट घाईत निवडू नये. लग्नाचं एक वेळ चालतं.

आधी साइडबँड म्हणजे काय ते समजून घे. साधा सेट आवाज पाठवतो आणि त्याच्याबरोबर आवाजाचं ओझंही पाठवतो. चार वॅटची ताकद, त्यातली बरीचशी ओझ्यातच जाते. साइडबँड फक्त अर्धा आवाज पाठवतो, पण सगळी ताकद त्या अर्ध्यात. म्हणून लांब जातो. उरलेलं काम ऐकणाऱ्याचं. त्याने ही बारीक कळ फिरवून आवाज जुळवून घ्यायचा. कळ चुकली तर माणूस बदकासारखा बोलतो, नाहीतर पाण्याखालून. बाई की बुवा, तेसुद्धा कळत नाही. प्रत्येक सेट थोडा थोडा वाकडा असतो, त्यामुळे आम्ही जुने लोक कळीच्या जागेवरून माणूस ओळखतो. गावातला क्लॅरी डाव्या अंगाला, डाकगाडीवाला बरोबर मध्यभागी.

आणि दुसरी गोष्ट, उडी. ज्या वर्षी सूर्यावर डाग जास्त, त्या वर्षी दुपारच्या उन्हात आवाज आभाळावर आपटून हजार-दीड हजार किलोमीटरवर जाऊन पडतो. मधल्या मुलखाला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. शेजारचा मुका आणि क्वीन्सलंडचा माणूस कानात बसलेला. उडीचा आवाज ओळखायला सोपा. तो लाटेसारखा चढतो, उतरतो. हे मला झोपेतही कळतं, असा माझा तोरा होता.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट, नोव्हेंबरातली. असंच ऊन. इथे ब्रॅकन वेलमध्ये तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं की आल्बी रस्क, म्हणजे मी, बाराला दुकान बंद करतो, बीटरूटचं सँडविच काढतो आणि सोळा नंबरचा चॅनल लावून एक वाजेपर्यंत बसतो. कुणाला काही कळवायचं असलं तर तीच वेळ.

एका सोमवारी बारा वाजून वीस मिनिटांनी एक आवाज आला. पाण्याखालचा. मी कळ फिरवली. आवाज जवळजवळ जुळत आला आणि कळ संपली. अजून केसभर फिरायला हवी होती. माझा दुकानातला सेट जुना, पण अशी पाळी कधी आली नव्हती. तो आवाज चढत होता, उतरत होता. मधले मधले शब्द लागले.

“ब्रेक... सोळावर कुणी आहे का... पांढरी पिकअप... मागचा आस तुटलाय... कॅन फुटला, पाणी दोन लिटर... चक्कीच्या पुढे, लाल टेकडीच्या अलीकडे...”

ब्रेक म्हणजे आमच्यात मधे बोलू द्या म्हणून मारायची हाक. मी उत्तर दिलं. पुन्हा पुन्हा दिलं. त्याला ऐकू जात नव्हतं. पवनचक्की आणि लाल टेकडी या देशात कुठे नाही? पण आवाज तर लाटेसारखा, म्हणजे उडी, म्हणजे हजार किलोमीटरच्या पलीकडचा. त्या आठवड्यात क्वीन्सलंड भोंग्यासारखं वाजत होतं. मी तिकडच्या पोलिसांना फोन केला. त्यांनी दोन दिवस विमान फिरवलं. काही सापडलं नाही. आणि आवाज मात्र रोज येत राहिला. बारा वीसला, तेच शब्द, त्याच क्रमाने. मी तिकडे दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, “आजोबा, उन्हात टोपी घालता ना?”

गावाला काय, आयतं कोलीत मिळालं. संध्याकाळी पबमध्ये पाऊल टाकलं की क्लॅरी ग्लास कानाला लावून ओरडायचा, “ब्रेक, ब्रेक! आल्बी, माझी बिअर दोन घोटच उरलीय रे, विमान पाठव!”

नऊ दुपारी हे चाललं. दहाव्या दिवशी सकाळी ग्लेन पॅस्को आला.

ग्लेन पवनचक्क्या दुरुस्त करायचा. उत्तरेच्या वाटेवर गुरांसाठी एक ते अकरा नंबरच्या बोअर-विहिरी आहेत ना, त्या सगळ्यांवरच्या चक्क्यांचं काम त्याच्याकडे. उंच, हडकुळा, चेष्टेखोर. मला तो मुलासारखा होता. हे त्याला कधी सांगितलं नाही. आमच्याकडे तशी रीत नाही.

“आल्बी, एक कळ, एक चॅनल आणि जॅनेटचा आवाज आला की आपोआप बंद पडेल असा सेट दे,” तो म्हणाला. जॅनेट त्याची बायको.

“तसला असता तर आधी मी घेतला असता,” मी म्हणालो.

त्याने साध्या चार वॅटच्या सेटवर हात ठेवला होता. तोच घेऊन तो निघाला असता. मीच म्हटलं, हा खेळण्यातला, बारा-पंधरा किलोमीटरच्या पुढे मान टाकतो. तू नव्वद-नव्वद किलोमीटर एकटा जातोस. साइडबँड घे. आणि फळीवरून नवाकोरा बंद खोका काढला, त्याच्यासमोर फोडला. हा, तो वरचाच. माझ्या हाताने निवडून दिला, पोरी. हे नीट लक्षात ठेव.

बसवलाही मीच. लांब एरियल पुढच्या लोखंडी पट्टीवर. सेट सोन्याचा आणि एरियल फडतूस, तर नाव मोठं लक्षण खोटं. वायर थेट बॅटरीवरून. मग त्याला गावाबाहेर पिटाळला आणि आवाज तपासला. सकाळचे आठ, गार वेळ. बरोबर मध्यभागी. घंटेसारखा स्वच्छ.

“कसा आहे आवाज?” त्याने विचारलं.

“तुझ्या तोंडापेक्षा बरा आहे.”

त्या दुपारी बारा वीसला मी कान देऊन बसलो. तो पाण्याखालचा आवाज आला नाही. नुसती खरखर. दुसऱ्या दिवशीही नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी क्लॅरीला एक बिअर पाजली. गेला बिचारा, म्हटलं, सुटला एकदाचा, तो आणि मीही.

दोन आठवडे शांततेत गेले. त्यातल्या दुसऱ्या आठवड्यात ग्लेन उत्तरेला गेला. आठवडाभराचं काम, जॅनेटला तसं सांगून गेलेला.

बुधवारी बारा वीसला तो आवाज परत आला.

“ब्रेक... सोळावर कुणी आहे का... पांढरी पिकअप... मागचा आस तुटलाय...”

शब्दन् शब्द तोच. कळीच्या टोकाच्या केसभर पलीकडे, तिथेच. माझ्या हातातलं सँडविच खाली पडलं. मग चीड आली. दुधाने तोंड पोळलेलं, आता कुणाला फोन करायची सोय नव्हती. मी आवाजाची कळ पिळून बंद केली आणि दुकानाच्या मागे जाऊन बसलो.

एक गोष्ट त्याच क्षणी माझ्या लक्षात आली होती. ती मी आजवर फक्त जॅनेटला सांगितली. या वेळी आवाज चढत-उतरत नव्हता. सरळ होता, एका पातळीवर. उडीचा आवाज असा नसतो. असा आवाज जवळून येतो... शंभर किलोमीटरच्या आतून. माझ्या कानाने ते ओळखलं. मी कानाला गप्प केलं.

गुरुवारी पुन्हा. शुक्रवारी पुन्हा. शुक्रवारी मात्र मला राहवलं नाही. मी माइक उचलला आणि म्हणालो, “कोण असशील तो अस. बस झालं. गप बस आता.”

तिकडून एकच आवाज आला. रडल्यासारखा की हसल्यासारखा, कळलं नाही. मी सेट बंद केला.

शनिवारी जॅनेट दारात उभी. “आल्बी, ग्लेनची काही हाक? गुरुवारी यायला हवा होता.”

पोलिसांना घेऊन आम्ही निघालो. सातव्या बोअरच्या पुढे, लाल टेकडीच्या अलीकडे पांढरी पिकअप तिरकी उभी होती. आस तुटलेला. पाण्याचा कॅन मागच्या बाजूला फाटलेला. तो गाडीच्या सावलीच्या बाजूला बसला होता, पण सावली केव्हाच सरकून गेली होती. माइकची वायर खिडकीतून ताणून बाहेर काढलेली, माइक मुठीत. माश्या... जाऊ दे. जॅनेटला मी गाडीतून उतरू दिलं नाही. ती तरी उतरली.

त्याच्या खिशात सिगारेटचं पाकीट होतं. त्यावर पेन्सिलीने नोंदी. बुध, बारा वीस, कुणी नाही. गुरु, बारा वीस, कुणी नाही. शुक्र, बारा वीस, आल्बी मिळाला. म्हणाला, गप बस.

पाणी पी जरा. मलाही दे.

सेट जॅनेटने मला आणून दिला. घरात नको, म्हणाली. एवढंच, एकही वावगा शब्द नाही. तिने माझ्या थोबाडीत मारली असती तर फार बरं झालं असतं. मी तो टेबलावर तपासला. बरोबर मध्यभागी. काही खोट नाही. मग डोक्यात आलं आणि मी तो दुपारी काचा लावलेल्या गाडीत दोन तास ठेवला, आत पन्नासच्या वर पारा. आणि मोजला. तापत गेला तसा तो खाली खाली घसरत गेला, आणि थांबला तो माझ्या कळीच्या टोकाच्या केसभर पलीकडे. अगदी तिथेच.

म्हणून सांगतो. सेट दुकानातल्या पंख्याखाली निवडू नकोस. भर उन्हात तापलेल्या गाडीत दोन तास ठेव आणि मग बोलून बघ. मी चाळीस वर्षं धंदा करतोय आणि हे मला एका माणसाचा जीव गेल्यावर कळलं.

आता तुझ्या मनात जे आलंय तेच माझ्याही मनात आलं होतं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार ठीक आहे. तो ग्लेन होता. पण त्याआधीच्या नऊ दुपारी? तेव्हा ग्लेन धडधाकट फिरत होता. आणि हा सेट बंद खोक्यात होता, माझ्या पाठीमागच्या फळीवर.

याला उत्तर नाही. मी शोधणं सोडून दिलं.

पण दुपारी बारा ते एक तो सेट मी चालू ठेवतो. खिडकीत, उन्हात, चांगला तापवून. शिक्षा म्हण हवं तर. अकरा वर्षं नुसती खरखर. सूर्यावरचे डाग गेले, आभाळ मुकं झालं. या वर्षी डाग परत आलेत. आणि तीन आठवड्यांपूर्वी, सोमवारी, बारा वीसला...

बाईचा आवाज होता. लाटेसारखा चढणारा, उतरणारा. या सेटवर मात्र स्वच्छ. वाकड्या सेटला वाकडा आवाज सरळ ऐकू येतो ना. “सोळावर कुणी आहे का... सौरपंपाची गाडी... वाळूत रुतलेय, गिअर पडत नाही... पाणी संपत आलंय... सातव्या बोअरच्या पुढे...” या वेळी जागासुद्धा सांगितली. मी सँडविच टाकून तसाच निघालो. नव्वद किलोमीटर. वाळूवर चाकाची खूण नाही. दुसऱ्या दिवशी आवाज आला, पुन्हा गेलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा. पोलीस चौकीवर गेलो तर तिथला नवा पोरगा मला चहा देऊन हळू आवाजात बोलायला लागला, म्हाताऱ्यांशी बोलतात तसा. लांडगा आला रे आला, दुसरं काय.

थांब, उठू नकोस. संपत आलंय.

मघाशी तू मागे वळून कुत्र्याला हाक मारलीस. काय म्हणालीस? पिकल. एक कान फाटलेला आहे त्याचा, डावा. मी बाहेर जाऊन पाहिलेला नाही, आणि पिंप खिडकीतून दिसत नाही, पोरी. मी इथून हललोय का? तीन आठवडे रोज ऐकतोय, “पिकल आता उठत नाहीये... त्याचा डावा, फाटका कान ओला करतेय मी, पण तो उठत नाहीये...”

आणि त्या चक्क्या उतरवून त्यांच्या जागी सौरपंप बसवायला कोण चाललंय? तू सांगायच्या आधी तुझ्या गाडीच्या टपावरची सौरपंपाची पॅनेलं मी खिडकीतून पाहिली.

तू दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, गाडीत बसवायला चांगला साइडबँड सेट हवाय. तेवढ्याने माझी कांडी निसटली. तीन आठवडे कानात असलेला आवाज माझ्याच दुकानाच्या दारात आला आणि अंगठा भाजला.

मी तुला सेट विकणार नाही, असं ठरवलं होतं. सेट नाही तर हाक नाही. मग वाटलं, सेट नसला तर तू तिथे मुकीच मरशील, आणि मी इथे सँडविच खात बसेन. म्हणून म्हटलं, सगळं सांगून टाकावं. घाबरून तरी थांबेल. नाहीतर मी बरोबर येईन, माझ्या गाडीत दोनशे लिटर पाणी भरून. तुझी हरकत असली तरी येईन.

पण एक गोष्ट उरलीय. ती मला गेले तीन आठवडे कळत नव्हती. पाणी, गाडी, बोअर, कुत्रा, सगळं सांगून झालं की तो आवाज थोडा थांबतो. आणि मग, दमलेल्या माणसाने ओळखीच्या माणसाला विचारावं तसा विचारतो, “आल्बी... अंगठा बरा झाला का?”

तीन आठवडे मी रोज दोन्ही अंगठे उलटेसुलटे करून बघत होतो. काही झालेलं नव्हतं. आज सकाळपर्यंत.

म्हणजे ती हाक मारण्याआधी तू इथे बसली होतीस. हे सगळं तू ऐकलं होतंस, शेवटपर्यंत. आणि ऐकूनही...

बारा एकोणीस झाले. आवाज वाढवतो. हा बघ, चांगला तापलाय, हात लावू नकोस. आता तुझ्याच कानाने ऐक, मग तुला पटेल. रोज घड्याळ लावल्यासारखा येतो.

वीस.

एकवीस. येईल. कधीकधी थोडा...

बावीस.

नुसती खरखर.

गेल्या वेळीही असंच झालं होतं. ग्लेनने खोका उचलला, आणि त्या दुपारी आवाज थांबला होता, तो पुढे त्याच्याच तोंडून परत आला.

पोरी, माझ्याकडे बघ. खरं सांग... आत्ता, मी बोलत असताना, मनात काय ठरवलंस?